उद्याचा सातबारा कोणासाठी?



मे १८७५ मध्ये पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर चालून गेले. त्यांचा मुख्य रोख कर्जरोख्यांवर आणि वह्यांवर होता. हाती लागले ते कागद त्यांनी जाळले. अक्षरशत्रू माणसांनाही एक गोष्ट पक्की कळली होती : आपला हिशेब दुसऱ्याच्या वहीत गेला की मान त्याच्या हातात जाते.

आता वही संगणकात आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून पिकाचा फोटो आपणच ई-पीक पाहणीत चढवतो. १५ एप्रिल २०२५ पासून कृषी योजनांसाठी राज्यात शेतकरी ओळख क्रमांक सक्तीचा झाला. आधार, जमीन, पीक, सगळे एका दोरीत ओवले. तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले, ते चांगलेच झाले. संगणकाशी आमचे वैर नाही. पण दोरीचे टोक कोणाच्या हातात?

कुर्डुवाडीच्या बैठकीसाठी आम्ही सन २०४० चा एक सातबारा मनाने रचला आहे. कोरडवाहू अडीच हेक्टर, मालदांडी आणि कापूस. पुढे नवे रकाने : सोसायटीचा हप्ता किती वेळा तुंबला, दवाखान्याचा खर्च, मुलीचे लग्न कोणत्या महिन्यात. आणि शेवटचा रकाना : हा गडी किती भावाला वाकेल. ज्वारीची पोती आडतीवर उतरण्याआधी खरेदीदाराच्या फोनवर हा रकाना उघडलेला. मग लिलाव कसला बोलता!

कोणी म्हणेल, शेतकऱ्याजवळ लपवण्यासारखे आहे काय? अहो, रुमालाखाली बोटे दाबून सौदे कोणी केले? व्यापाऱ्याला रुमाल आणि आम्हाला काचेचे घर! त्याच्या गोदामातला साठा, बियाण्याच्या पिशवीचा खरा उत्पादनखर्च, यांचा सातबारा कोणी मागत नाही. कापूस किती पेरला हे सरकारला ठाऊक असते; त्याच सरकारने १९ ऑगस्ट २०२५ पासून वर्षअखेरपर्यंत कापसावरचे ११ टक्के आयातशुल्क माफ केले. ऐन वेचणीच्या दिवसांत. आमची माहिती आमच्या भावाच्या कामी कधी आली?

खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी एकमताने सांगितले. २०२३ साली कायदाही झाला. पण त्याच्या कलम ७ मध्ये पळवाट ठेवली : अनुदान वा लाभ द्यायचा असेल तर पूर्वीची संमती किंवा ठरावीक सरकारी दप्तरातली नोंद सरकारला पुरे, नव्याने विचारणे नको. म्हणजे ज्याला अनुदानाची गरज, त्याचेच दार उघडे. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. इथे त्याला कडीसुद्धा ठेवली नाही.

माहिती ही शेतातल्या मालासारखीच आमची मालमत्ता आहे. ती कोणी पाहिली, कधी, कशासाठी, याची नोंद त्याच दिवशी आमच्या फोनवर आली पाहिजे. कंपनीला हवी असेल तर तिने विचारावे, दाम मोजावा, आणि नाही म्हणणाऱ्याचे अनुदान अडता कामा नये.

बैठकीला येताना प्रत्येकाने आपला सातबारा आणावा. त्याच्या कोऱ्या बाजूवर उद्याचे रकाने आपण आपल्या हाताने आखू : कोणता द्यायचा, कोणाला, आणि कोणता काही केल्या द्यायचा नाही. मायबहिणींनी त्यांचा कागद वेगळा भरावा. घरधन्याच्या रकान्यात त्यांचे मावत नाही.