टर्बो गाडी, चिपवाले आणि आमच्या व्यावसायिकांचा खिसा

भाड्याची गाडी चालवून घर चालवणारे आमचे कितीतरी बांधव मुंबईत आणि कोकणात आहेत. त्यांच्याकडच्या डिझेल गाड्या आज जवळजवळ सगळ्याच टर्बोच्या आहेत आणि पेट्रोलमध्येही टर्बो वाढत चालला आहे. हप्ता बँक ठरवते, विमा कंपनी ठरवते, भाडे गिऱ्हाईक ठरवते. इंधनाचा खर्च तेवढा आपल्या हातात आहे असे मालकाला वाटते, आणि या वाटण्यावरच एक नवा धंदा उभा राहिला आहे. लॅपटॉप घेऊन एखादा तरुण येतो, गाडीच्या कॉम्प्युटरला वायर जोडतो, तासाभरात ‘ट्यूनिंग’ करतो आणि लिटरमागे दोन-तीन किलोमीटर वाढल्याचे सांगून वीस-पंचवीस हजार रुपये घेऊन जातो. रोजीसाठी गाडी चालवणाऱ्याने हे पैसे देऊ नयेत, असे आमचे स्पष्ट मत आहे. निदान गाडीची बाकीची कामे होईपर्यंत तरी देऊ नयेत.

आधी हिशेब पाहू. गाडी महिन्याला 3000 किलोमीटर धावते आणि लिटरला 18 देते असे धरा. तिला सुमारे 167 लिटर डिझेल लागेल. ॲव्हरेज 20 झाले तर 150 लिटर लागेल. वाचले 17 लिटर, म्हणजे 90 रुपये भावाने महिन्याला दीड हजार. पंचवीस हजार फिटायला सोळा-सतरा महिने लागतील, तेही ते दोन किलोमीटर खरोखर वाढले तर!

ते वाढतात का? चिपवाला सर्वस्वी खोटे बोलतो असे आम्ही म्हणणार नाही. डिझेल इंजिनाचा कमी फेऱ्यांवरचा जोर वाढवला तर ड्रायव्हर वरचा गिअर लवकर टाकू शकतो आणि सावकाश चालवणाऱ्याला थोडा फायदा मिळतो. पण हातात आलेला पिकअप न वापरणारा ड्रायव्हर आम्ही फारसा पाहिलेला नाही. शिवाय येथे एक गोम आहे, ती मालकांनी नीट समजून घ्यावी. डॅशबोर्डवर दिसणारे ॲव्हरेज कोणी डिझेल मापून दाखवत नाही. किती दाबाने आणि किती वेळ इंधन फवारले, यावरून कॉम्प्युटरने केलेला तो हिशेब असतो. बाजारात मिळणारे कित्येक ‘ट्यूनिंग बॉक्स’ इंधनाचा दाब प्रत्यक्षापेक्षा कमी असल्याचे कॉम्प्युटरला सांगतात. कॉम्प्युटर फसतो आणि दाब वाढवतो. इंजिनात डिझेल जास्त पडते, हिशेबात मात्र कमी धरले जाते. मालक काचेवरचा वाढलेला आकडा पाहून खूश आणि पंपावर बिल तेवढेच, किंवा थोडे जास्तच. म्हणून एकाच पंपावर टाकी फुल करून, निदान तीन वेळा लिटर आणि किलोमीटर वहीत लिहावेत. डॅशबोर्डच्या आकड्यावर पैसे मोजू नयेत.

टर्बो ही मुळात काटकसरीचीच कल्पना आहे. सायलेन्सरवाटे वाया जाणाऱ्या गरम धुराने एक पंखा फिरवायचा आणि त्याच्या जोरावर दुसऱ्या पंख्याने बाहेरची हवा दाबून इंजिनात भरायची. स्वित्झर्लंडचे इंजिनिअर आल्फ्रेड ब्युखी यांनी 1905 साली याचे पेटंट घेतले. पण टर्बोला देखभाल लागते. अमेरिकेत 1962 साली आलेल्या ओल्डस्मोबाइल जेटफायर या टर्बो मोटारीत पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण वेगळे भरावे लागे. बऱ्याच मालकांनी ते भरलेच नाही, आणि दोन वर्षांत ती गाडी बंद झाली.

आपल्याकडेही दुखणे बहुधा इथेच असते. महाड-मुंबई फेऱ्या मारणाऱ्या, आमच्या ओळखीच्या एका गाडीवाल्याची डिझेल गाडी घाटात काळा धूर सोडू लागली आणि ॲव्हरेज पडले. त्याला रिमॅपिंगचा सल्ला मिळाला, पैशांची जमवाजमवही सुरू झाली. सुदैवाने गावच्या गॅरेजवाल्याने खाली वाकून पाहिले. टर्बोकडून इंटरकूलरकडे जाणारा रबरी पाइप खालच्या अंगाने चिरला होता आणि त्यावर तेलाचे ओघळ होते. टर्बो हवा भरत होता, ती वाटेतच निसटत होती. पाइप आणि क्लिप बदलून काम अडीच हजारांत झाले. फाटक्या पाइपवर रिमॅपिंग केले असते तर धूर आणखी वाढला असता.

दुसरी खोड आमच्या मेकॅनिक मंडळींचीच आहे, हे सांगताना संकोच वाटतो. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट व्हॉल्व्ह काढून टाकायचा! मग इंजिन नीट गरमच होत नाही, कॉम्प्युटर त्याला थंड समजून जास्त इंधन देत राहतो आणि मालक पंपवाल्याला दोष देतो. तिसरी गोष्ट बंपरची. जादा दिवे, नावाच्या पाट्या आणि चिखल यांनी जाळी बुजली की इंटरकूलरला वारा मिळत नाही. पेट्रोल टर्बोत हवा गरम गेली की इंजिन ठोकू लागते. ते टाळण्यासाठी कॉम्प्युटर ठिणगी उशिरा देतो आणि तेवढे ॲव्हरेज जाते. ही जाळी साफ करायला पाण्याचा पाइप पुरतो.

पेट्रोल टर्बोवाल्यांनी आणखी एक लक्षात ठेवावे. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा लिटरमागे सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. म्हणजे 20 टक्के मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी. तेवढे ॲव्हरेज पडले तर ते इंजिनाचे दुखणे नव्हे आणि चिपवाल्याकडे त्यावर औषध नाही.

बाकी काम उजव्या पायाचे आहे. छोट्या टर्बो इंजिनाची काटकसर ते हलक्या पायाने चालते तोवरच टिकते. पाय दाबून धरला की टर्बो जळू नये म्हणून अनेक पेट्रोल इंजिनांना गरजेपेक्षा जास्त इंधन दिले जाते. वेग 80 वरून 100 केला की वाऱ्याचा विरोध दीडपटीहून अधिक होतो. मात्र वरच्या गिअरमध्ये फार कमी फेऱ्यांवर गाडी कण्हत ओढणेही वाईट. कंपनीने सांगितलेल्या दर्जाचे ऑइल आणि चाकांतली हवा यांवर काटकसर करू नये.

काही ठिकाणी ॲव्हरेजच्या नावाखाली सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टरच काढून देतात. 1 एप्रिल 2020 पासूनच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत तो असतोच. 1988 च्या मोटार वाहन कायद्याचे कलम 52 कंपनीने ठरवलेल्या रचनेत असा फेरफार करू देत नाही, आणि अपघात झाल्यास विमा कंपनीला भांडायला निमित्त मिळते. ती काजळी शेवटी आपल्याच गल्लीतल्या मुलांच्या छातीत जाते, हे वेगळेच.

ज्यांनी आधीच पैसे मोजले आहेत त्यांनी चिपवाल्याकडून कंपनीची मूळ फाइल मागून घ्यावी. ती त्याने जपून ठेवलेली असायला हवी. तीन टाक्यांचा हिशेब पूर्वीइतकाच निघाला तर ती परत घालून घ्यावी. आणि तो फाइल द्यायला टाळाटाळ करत असेल, तर आपल्या संघटनेच्या पुढच्या बैठकीत त्याचे नाव इतर गाडीवाल्यांनाही कळू द्यावे.