जीवदया : वखारीच्या दारचा राखणदार

पंचवटीपासून अंबडपर्यंत आपल्या कितीतरी वखारींच्या आवारात एखादा कुत्रा बांधलेला असतो. त्याला भाकरी मिळते, पाणी मिळते. एवढ्याने जीवदया घडली असे आपण मानतो. परंतु श्रावकाच्या अहिंसाणुव्रताच्या पाच अतिचारांत अन्नपाननिरोध शेवटी येतो. पहिला आहे तो बंध. १९६० चा प्राणिक्रौर्य प्रतिबंधक कायदाही अवाजवी आखूड वा जड साखळीने दीर्घकाळ बांधणे हा अपराध ठरवितो.

त्याचे घर पूर्वाभिमुख असावे, कारण नाशिकचा पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. तळ जमिनीपासून वीतभर उंच हवा. उभे राहून वळता येईल एवढीच जागा पुरे. फार ऐसपैस घरात पौषातील थंडीत अंगाची ऊब टिकत नाही. वर नुसता पत्रा नको, वैशाखात त्याची भट्टी होते.

खरा पेच गोचिडांचा. रक्त पिऊन फुगलेली मादी अंगावरून गळून भिंतीच्या भेगेत शिरते व हजारो अंडी घालते. मग फवारणी आली, म्हणजे हिंसा आली. म्हणून जीवोत्पत्तीच टळावी अशी यतना हवी : भेगा आधीच बुजवाव्यात, ओल धरणारे गोणपाट वापरू नये, अंथरूण वरचेवर हळुवार झाडून कोरडे ठेवावे. इतके करूनही गोचीड झालेच, तर पशुवैद्यांचे औषध द्यावे. त्यांच्यामुळे येणारा ताप कुत्र्याच्या जिवावर बेततो. व्रताच्या नावाखाली त्याला तळमळत ठेवणे आम्हांस मान्य नाही.

पाण्याचे भांडे रोज रिकामे करून गाळलेल्या पाण्याने भरावे, आणि फाटक बंद होताच रखवालदाराने साखळी सोडावी.