गोडी पानात, पैसा अर्कात



‘साखरेपेक्षा ३०० पट गोड! ऊस सोडा, स्टीव्हिया लावा!’ हा व्हिडिओ या आठवड्यात मला चौघांनी पाठवला. म्हणून स्पष्टच लिहितो.

३०० पट हा आकडा खोटा नाही, पण तो तुमच्या पानाचा नाही. तो कारखान्यात काढलेल्या शुद्ध अर्काचा, म्हणजे स्टीव्हिऑल ग्लायकोसाइडचा. आपलं वाळलेलं पान साखरेच्या दहा-पंधरा पट गोड, आणि मागून जरा कडवट. एफएसएसएआयनं २०१५ साली मान्यता दिली ती अर्काला. अमेरिकेतही अर्क चालतो, नुसतं पान साखरेऐवजी म्हणून विकता येत नाही. मग अर्क काढणारा जवळ नसेल तर आपलं पान घेणार कोण?

हे शिकायला माझे ६० हजार गेलेत, तेही फक्त रोपांचे. बी नीट उगवत नाही, उगवलं तरी झाडागणिक गोडी वेगळी. म्हणून कटिंगची रोपं घेतली. २० गुंठ्यांत १५ हजार, ४ रुपयाला एक. बायबॅकचा करारही केला. पीक चांगलं आलं, खोटं कशाला बोलू? निचऱ्याची जमीन, गादीवाफे, ठिबक, फूल यायच्या आत कापणी, सगळं वेळेवर. पहिला तोडा उचलला. दुसऱ्याला म्हणाले, ‘गोडी कमी भरली.’ तपासणी त्यांचीच, रिपोर्ट काही दाखवला नाही. तिसऱ्याला फोन बंद. गोण्या अजून शेडात पडून आहेत.

उसाला आपण रोज शिव्या घालतो. काटामारी, रखडलेलं बिल, सगळं खरं. तरी तिथं एफआरपी आहे. २०२५-२६ च्या हंगामाला १०.२५ टक्के उताऱ्यावर टनाला ३५५० रुपये, आणि १४ दिवसांत पैसे द्यायचा नियम. नाहीच दिले तर मोर्चा न्यायला कारखान्याचं गेट तरी आहे. स्टीव्हियाचं गेट कुठं शोधायचं? ना हमीभाव, ना बाजार समितीत बोली.

आणि कृपा करून ‘शुगरवर औषध’ म्हणून कुणी विकू नका. त्यात साखर नाही, एवढंच. वजन कमी करायला असले गोडवे वापरू नका, असं डब्ल्यूएचओनं २०२३ मध्ये सांगितलंय, त्यात स्टीव्हियाही आला. बाजारातल्या पुडीवर हिरवं पान छापलेलं असतं. पुडी उलटी करून वाचा. बऱ्याचदा आत जास्त भरणा एरिथ्रिटॉलचा नाहीतर डेक्स्ट्रोजचा.

झाडावर माझा राग नाही. दारात चार झाडं जरूर लावा. आमच्या आईच्या चहात रोज दोन पानं पडतात. पण एकरभर लावायच्या आधी तीन गोष्टी विचारा. अर्काचा कारखाना स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला का? गोडी तिसऱ्याच लॅबमध्ये तपासली जाणार का? आगाऊ रक्कम किती? रोपं विकणाराच पानं घेणार असेल, तर त्याचा धंदा रोपांचा आहे हे ओळखा.

कृषी खात्यातल्या मित्रांनाही हात जोडून विनंती. लागवडीचं अंतर सांगता, तसा खरेदीदाराचा पत्ताही सांगा. तो नसेल, तर पीक सुचवू नका.