आजीचा दिवस मोकळा नसतो

कलकत्त्यात आमच्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाची वेळ ठरवायला आम्ही काहीजणी जमलो होतो. ऑफिसं सहाला सुटतात, मुलांच्या शिकवण्याही तेव्हाच संपतात, म्हणून सातची वेळ ठरली. घरातल्या वयस्कर बायकांना सात जमतील का, हे कुणी विचारलं नाही. तेवढ्यात माझा चौथीतला मुलगा म्हणाला, "आजीला काय, तिला रोज सुट्टीच असते." सगळ्या हसल्या. मला राग आला, पण मुलाचा कमी आणि आपला जास्त. पोर ऐकलेलंच बोलत होतं.

आईंचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, दिवस एकदा बघाच. जूनमध्ये इथे पाचच्या आत सूर्य वर येतो. मुंबईत तो सहाला उगवतो. दोन्ही शहरांत रेखांशाचं साडेपंधरा अंशांचं अंतर, म्हणजे तासाभराचा फरक, आणि घड्याळ मात्र एकच. 1906 साली भारतीय प्रमाण वेळ आली तरी कलकत्त्याने 1948 पर्यंत आपली वेळ वेगळी ठेवली होती, चोवीसेक मिनिटं पुढे. आई अजूनही सूर्याच्या वेळेनेच जगतात. उजाडलं की त्या उठतात, कॉर्पोरेशनचं पाणी भरून ठेवतात. कॅनिंग लोकलने येणाऱ्या माशीला, म्हणजे कामवाल्या बाईला, दार त्याच उघडतात. ती बाई पहाटे अंधारात घरून निघालेली असते, म्हणून तिला पहिला चहा त्याच देतात. मग लेक मार्केट. कढीलिंब, नारळ, शेवग्याच्या शेंगा तिथे हमखास मिळतात, आणि भाव करण्यापुरतं बंगाली आईंना आमच्यापेक्षा चांगलं येतं.

बाबा, म्हणजे माझे सासरेही, त्याच वेळी बाहेर पडतात, रवींद्र सरोवराला फेरी मारायला. त्याला घरात सगळे व्यायाम म्हणतात, त्यांच्या चहाची वेळ कुणी चुकवत नाही. आई तेवढंच चालतात, वर पिशवी उचलून आणतात, त्याला कुणी काहीच म्हणत नाही. माझ्या ऑफिसच्या वेळा फ्रिजवर लिहिलेल्या आहेत, मुलाच्या शाळेच्या, चित्रकलेच्या, तबल्याच्याही आहेत. आईंचं नाव त्या कागदावर कुठेच नाही, आणि त्यातली प्रत्येक वेळ पाळली जाते ती त्यांच्यामुळे.

दुपारी अख्खा पाडा, म्हणजे आमची वस्ती, झोपतो, दुकानांची शटरं खाली येतात. तेव्हा त्या स्कूलबसची वाट बघत गेटपाशी उभ्या असतात. डिसेंबरात पाचच्या आत सूर्य मावळतो, शेजारच्या घरांतून शंख वाजतात, आमच्याकडे दिवा लागतो. तिथून त्यांचा दिवस आवरायला लागतो. आठला जेवण, मग गोळ्या, मग झोप. संक्रांतीच्या सुमारास सात म्हणजे पुण्यात नुकती दिवेलागण झालेली असते, इथे अंधार पडून दीड तास होतो. वाण वाटून होईपर्यंत साडेनऊ वाजतात, रूटचे ऑटो विरळ झालेले असतात, आणि मग आपणच म्हणतो, जुन्या बायका हल्ली येत नाहीत.

ज्यांनी हळदीकुंकू इथे आणलं आणि कलकत्त्यात टिकवलं, त्याच गैरहजर राहाव्यात अशी वेळ आपण ठरवतो. माणूस कमावतो किंवा शिकतो तेवढाच काळ त्याला दिनक्रम असतो, असं आपण मुलांसमोर रोज वागून दाखवतो. हे बदलायला हवं, आणि ते घरातूनच बदलायला हवं.

  

मी फार उपदेश केला असेल तर क्षमा असावी. नोकरी सांभाळून कार्यक्रम उभा करणं किती कठीण असतं, हे मी जवळून पाहते, आणि सातची वेळही कुणी वाईट हेतूने ठरवलेली नाही. पण संक्रांत ते रथसप्तमी यात एक तरी रविवार येतोच. त्या दिवशी साडेतीनला सुरुवात करावी, दिवेलागणीच्या आत वाण वाटून व्हावं. पुढच्या बैठकीला मी आईंना घेऊन येणार आहे. तुमच्याही घरून कुणी येणार असेल तर आधी त्यांना विचारा, बैठक किती वाजता ठेवायची.