डोक्याचा मार आणि कागदाची साक्ष

वणी हे गाव वाटेवरचे. नाशिकहून कळवणला वा सापुताऱ्याला निघालेली वाहने येथूनच पुढे जातात. सप्तशृंगगडावर निघालेला भाविक येथे घटकाभर थांबून चहा घेतो. द्राक्षांच्या हंगामात मजुरांनी भरलेल्या पिकअप गाड्या पहाटेपासून धावू लागतात आणि कळवण-सुरगाण्याकडील शाळांवर नेमलेले शिक्षक मोटारसायकलीवरून रोजची ये-जा करतात. अशा गावाला अपघाताची बातमी नवी नसते. जानेवारी 2008 मध्ये गडाच्या घाटात बस दरीत कोसळून 43 भाविक मृत्युमुखी पडले. 12 जुलै 2023 रोजी त्याच घाटात एस.टी.ची बस कोसळली, एक महिला दगावली व वीसच्या आसपास प्रवासी जखमी झाले. मृतांचा आकडा पहिल्या पानावर येतो, जखमींचा त्याखाली येतो आणि तेथेच थांबतो. त्या जखमींपैकी ज्यांच्या डोक्याला मार बसला, त्यांचे पुढे काय झाले, हे सहसा कोणी विचारीत नाही.

हा मार फसवा असतो. मोडलेले हाड क्ष-किरणांत दिसते; शेजारीपाजारी येऊन प्लास्टर पाहून जातात. डोक्यावर आपटलेला माणूस मात्र कधी कधी स्वतः उठून बसतो, पाणी मागतो, 'मला काही झाले नाही' असे सांगतो आणि काही तासांनी बेशुद्ध होतो. कारण कवटीच्या आत रक्त साचत राहिलेले असते. वृद्धांमध्ये तर हे साचणे कित्येक आठवडे चालते व घरची मंडळी त्याला म्हातारपणाचा विसराळूपणा समजतात. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, जडावणारी झोप, एखाद्या हातापायातील कमजोरी यांपैकी काहीही दिसले तरी थांबू नये. नाशिक येथून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर दूर आहे आणि मेंदूला प्राणवायू कमी पडला, तर पहिल्या आघाताहून मोठा दुसरा आघात वाटेतच होऊ शकतो. म्हणून खासगी जीप शोधण्याआधी 108 ला दूरध्वनी करावा. अपघातग्रस्ताला रुग्णालयात पोहोचविणाऱ्यास पोलिसांचा ससेमिरा लागू नये, अशी तरतूद आता मोटार वाहन कायद्यातच आहे. मे 2025 पासून रस्ते अपघातातील जखमीस दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार सात दिवस विनारोकड मिळण्याची केंद्राची योजनाही लागू आहे. सात दिवस! मेंदूच्या रुग्णाच्या बाबतीत सात दिवसांत पुष्कळदा डोळे नीट उघडण्यापलीकडे मजल जात नाही.

खरी परवड टाके काढल्यानंतर सुरू होते. माणूस चालतो, जेवतो, बोलतो. पाहणारा म्हणतो, 'देवीची कृपा, वाचला.' घरात मात्र दुसराच कोणी वावरत असतो. जो कधी आवाज चढवीत नसे तो ताट भिरकावतो. हिशेबात तरबेज असलेल्याला सुट्या पैशांचा मेळ लागत नाही. सकाळी सांगितलेले दुपारी आठवत नाही. हा स्वभावदोष नव्हे की बाहेरची बाधाही नव्हे. मेंदूच्या पुढील भागाला झालेली ती इजा असते, आणि सी.टी. स्कॅन निर्दोष असतानाही ती असू शकते. तथापि भगताकडे जाण्याचा सल्ला देणारे दहा भेटतात, मानसशास्त्रीय चाचणी करून घ्या असे सांगणारा एखादाच.

येथेच वैद्यकाची वाट कायद्याच्या वाटेला मिळते, कारण जे कागदावर नाही ते न्यायाधिकरणापुढे नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2010 साली राजकुमार विरुद्ध अजयकुमार या खटल्यात सांगितले की, अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईची हानी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डावा हात गमावलेल्या वाहनचालकाची वा सुताराची कमाई जवळजवळ पूर्ण बुडते; सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. हा दाखला कारकुनाने जरा उलटून पाहावा. त्याचा हात शाबूत राहिला आणि लक्ष व स्मरण गेले, तर त्याच्यापाशी उरले काय? शिक्षकाचेही तेच. तो नुकसानीचा दावा करू शकतो; पण बदललेल्या स्मरणशक्तीची नोंद कोणी केलेली नसेल, तर विमा कंपनीचा वकील त्याचा चालता-बोलता देहच पुरावा म्हणून दाखवील.

नोंद असली की काय होते, याचेही उदाहरण आहे. 2007 साली हरयाणात ट्रॅक्टरवरून जाणाऱ्या एका बारा वर्षांच्या मुलीच्या मेंदूला ट्रकच्या धडकेने गंभीर इजा झाली. 2020 साली सर्वोच्च न्यायालयाने तिची भरपाई वाढवून 62 लाख 27 हजार रुपये केली. तिची सामाजिक जाण नऊ महिन्यांच्या बालकाइतकी उरल्याचे वैद्यकीय परीक्षणातून सिद्ध झाले होते, आणि तिला जन्मभर माणूस लागेल, हा खर्च न्यायालयाने हिशेबात धरला. आपल्याकडे हे काम आई वा पत्नी करते म्हणून त्याला मोल नाही, असे समजले जाते. न्यायालयाने तसे समजले नाही.

म्हणून पहिल्याच रुग्णालयात अपघाताची पोलिसी नोंद व्हावी. शुद्धीचे मोजमाप, म्हणजे तीन ते पंधरा गुणांची ग्लासगो श्रेणी, कागदावर यावे. डिस्चार्ज कार्ड, स्कॅन, औषधांच्या पावत्या जपाव्यात आणि घरच्यांपैकी एकाने रोजच्या वागण्याची वही ठेवावी. गावातील चार जाणत्यांनी बसून घडविलेली दहा-वीस हजारांची तडजोड तर मुळीच स्वीकारू नये. मेंदूची हानी केवढी, हे कळायलाच कित्येक महिने लागतात. पण कायद्याने दाव्याला मुदत दिली आहे सहा महिन्यांची! 2019 च्या दुरुस्तीने आलेली व एप्रिल 2022 पासून लागू झालेली ही अट, ज्याला स्वतःचा पत्ता आठवत नाही त्याच्यावरही लादलेली आहे. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आहे; परंतु निकालावर भिस्त ठेवून कोणी स्वस्थ बसू नये. अर्ज अपघातस्थळीच करावा लागतो असेही नाही. गडाच्या वाटेवर जखमी झालेला जळगावचा भाविक जळगावात दावा लावू शकतो.

नोकरदारासाठी आणखी एक गोष्ट. नोकरीत असताना अपंगत्व आले, तर 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या विसाव्या कलमानुसार सरकारी आस्थापनेला त्या कर्मचाऱ्यास काढता येत नाही वा त्याची पदावनती करता येत नाही. त्याच वेतनश्रेणीत झेपेल असे दुसरे काम द्यावे लागते आणि ते नसेल, तर निवृत्तीपर्यंत जादा पद निर्माण करावे लागते. असे असता मेंदूला मार बसलेल्या गुरुजींच्या हातून हजेरीपटात चुका झाल्या की आधी ज्ञापन निघते आणि मग 'स्वेच्छेने' निवृत्तीचा अर्ज लिहून घेतला जातो. गंमत अशी की, त्याच कायद्याच्या एकवीस प्रकारांच्या यादीत मेंदूच्या आघाताचा स्वतंत्र उल्लेखच नाही. रुग्णाला दुसऱ्या कोणत्या तरी रकान्यात बसवून प्रमाणपत्र मिळवावे लागते. यादीत ही भर घालण्याची मागणी शिक्षक व कर्मचारी संघटनांनी अद्याप ज्या जोमाने करायला हवी त्या जोमाने केलेली दिसत नाही.

स्त्रिया, मुले, अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्ती आणि दिव्यांग यांना उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील देण्याची तरतूद 1987 च्या विधी सेवा कायद्यात आहे. 15100 हा क्रमांक त्यासाठीच आहे. हा क्रमांक आणि सहा महिन्यांची ती मुदत, दोन्ही प्रत्येक डिस्चार्ज कार्डाच्या मागे छापायला रुग्णालयांना एका शिक्क्याखेरीज काही लागणार नाही.