लांबच्या प्रवासाला इलेक्ट्रिक गाडी न्यावी का?

आमच्या घरी सध्या एकच वाद आहे: इलेक्ट्रिक गाडी घेतली तर आईला तपासणीसाठी मनमाडहून पुण्याला नेता येईल का?

मी गणित मांडलं. कंपनी ४०० किमी सांगते असं समजू. एसी, वेग, ओझं यांमुळे पाऊणच धरा, म्हणजे ३००. त्यातले ६० राखीव. उरले २४०. नाशिकला जाऊन-येऊन साधारण १८०, निवांत जमतं. पुणे मात्र एका बाजूनेच अडीचशेच्या आसपास. वाटेत थांबावंच लागेल. पण आईलाही मधे उतरून पाय मोकळे करावे लागतातच ना!

टाकी रिकामी व्हायच्या आत पाण्याची सोय बघायची सवय मनमाडकरांना आहेच. तीच बॅटरीला लावावी. माझं मत: गाडी जरूर न्यावी, पण एक चार्जर बंद निघाला तर दुसरा कुठे, हे आधी पाहूनच.