कढईतला आप्प

विद्यार्थी मित्रांनो, श्रीलंकेच्या सहलीला गेलात, तर घरून नेलेला फराळाचा डबा एक संध्याकाळ तरी बंद ठेवा आणि ‘आप्प’ करणाऱ्यापाशी उभे राहा. तांदळाचे पीठ व नारळाचे दूध यांचे आंबवलेले मिश्रण तो तापलेल्या छोट्या, खोलगट कढईत ओततो आणि कढई हातानेच गोल फिरवतो. कडेला पातळ थर चिकटतो, उरलेले मिश्रण तळाशी जमते. मग झाकण. पातळ थरातले पाणी चटकन उडते, म्हणून कड कुरकुरीत. जाड मध्यभागात पाणी टिकते, म्हणून तो मऊ. एकाच पिठाच्या दोन तऱ्हा! माझ्या फळ्यावर हे इतके स्पष्ट कधी झाले नाही. हॉटेलात झाकून ठेवलेला आप्प मात्र घेऊ नका. वाफेने त्याची कड सादळलेली असते.